वर्षाला एक खोटं

नळदुर्गच्या आमच्या घरमालकांना वर्षाला एक खोटं माफ होतं. कुणी माफ केलं होतं ते विचारू नका, त्यांचं त्यांनीच करून घेतलं होतं. पण ते एक सोडून दुसरं खोटं त्यांच्या हातून कागदावर उतरायचं नाही, मग समोरचा पाया पडो नाहीतर शिव्या देवो.

"चाचा, एवढी एक ओळ लिवा की. कोण बघायलंय?"

"माझं यंदाचं एक झालं जी. संपलं."

"मग फुडल्या साली लिवा."

"ते घरातच लागतंय."

लोक हसायचे. मीही हसायचो. चाचा निजामाच्या काळात तहसिलीत पेशकार होते म्हणे, म्हणजे साहेबापुढं कागद वाचून दाखवणारा माणूस. राज्य गेलं, पेशकारी गेली, हातात वजिफा राहिला आणि लिहायची खोड राहिली. वजिफा म्हणजे आपली पेन्शन हो. ओट्यावर एक लाकडी मेज, त्यावर दौत, टाक, डिंकाची बाटली, आणि मेजामागं हा किडकिडीत म्हातारा. निम्मं गाव तिथं अर्ज लिहून न्यायचं. पैसे घ्यायचे नाहीत. फार तर कुणी पावशेर साखर ठेवली तर ठेवली.

मी तेव्हा रस्त्याच्या खात्यात ओव्हरसियर. महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. सोलापूर-हैदराबाद रस्त्याचा एक तुकडा माझ्याकडं होता, म्हणून नळदुर्गात बिऱ्हाड केलं. मी, आमची ही आणि सहा वर्षांची सुमी. चाचांचं घर म्हणजे पुढं ओटा, मध्ये शहाबादी फरशीचं अंगण, अलीकडं आमच्या दोन खोल्या, पलीकडं त्यांच्या दोन. म्हातारा एकटा. एकटा असं आम्ही समजत होतो.

आता सांगून ठेवतो, मी फूटपट्टीचा माणूस. मोजता येतं तेवढं मानतो. भुतंखेतं, उतारे, लिंबू-मिरची यातलं मला काही सांगू नका, माझं डोकं सणकतं. जे झालं ते झालं तसं सांगतो.

चाचांचं म्हणणं साधं होतं. सरकारी कागदावर लिहिलेलं खोटं तसं राहत नाही, ते खरं व्हायला बघतं. तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातं. कागदावरचं कुठंतरी दप्तरात पडून राहतं आणि वाट बघतं. हे ते अगदी शांतपणे सांगायचे, आपण रस्त्याला खडी किती लागेल ते सांगतो ना, तसं.

हमरस्त्यावर एकाचा ढाबा होता. धंदा जोरात, ट्रकवाले रांगा लावून जेवायचे. त्याला आयकराची नोटीस आली. आला चाचांकडं. म्हणाला, "तोटा झाला म्हून लिवा, चाचा."

चाचांनी टाक दौतीत बुडवला. म्हणाले, "लिवतो. पण मग व्हईल. चालंल?"

तो गडी हसला, उठला, आणि उमरग्याच्या कुणा लिहिणाऱ्याकडून तोटा लिहून आणला. दोन महिन्यांत भर दुपारी एक ट्रक रस्ता सोडून त्याच्या भटारखान्यात घुसला. माणूस कुणी दगावलं नाही, पण भट्टी, भांडी, भिंत सगळं गेलं. मी स्वतः जाऊन पाहिलं, ट्रकचा ब्रेक निकामी झाला होता. मी चाचांना तसं सांगितलं.

"हौ जी, ब्रेकच गेला असंल," चाचा म्हणाले. "कागद काय हातानं ढकलतो का?"

 मी चप्पल घालून कामावर गेलो.

दुसरी खोड म्हणजे त्यांचे तीन सवाल. कुणाच्या हातात चार पैसे दिसले की विचारणार, "कुठनं आला? कशासाठी काढला? कशावर गेला?" नोकरीतनं उतरलेला मास्तर, पोस्टातला माणूस, कुणीही फंड काढला की चाचा त्याला मेजासमोर बसवायचे आणि आयकराच्या कागदाला एक जादा कागद जोडून ही तीन उत्तरं लिहून घ्यायचे. फंडाच्या पैशावर कर नव्हता. दाखवा म्हणून कुणी सांगत नव्हतं. मास्तर लोक कुरकुरायचे, "अहो, मागितलंय कुणी?" तर म्हणायचे, "मागितलं न्हाय म्हून दडवायचं? काढताना कागदावर एक कारण लिवलंत न्हवं? मग ते कारण खरं झालं का न्हाय, ते बी कागदावर आलं पायजे. न्हाय तर ते हुडकत फिरतंय."

आणि स्वतः दरसाल जूनअखेर आयकराचं रिटर्न भरायचे! वजिफा तो केवढा, कराच्या उंबऱ्यापासून कोसभर लांब. तरी हा माणूस टाकानं वळणदार इंग्रजी काढून फॉर्म भरणार, जादा कागद जोडणार, रजिस्टर पोस्टानं पाठवणार. तिकडून कधी उत्तर आलेलं मला माहीत नाही. कोणीतरी साहेब डोक्याला हात लावून बाजूला ठेवत असेल.

पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या हिनं. उन्हाळ्याची दुपार, गाव सगळं दारं लावून पडलेलं. मी कामावरून जेवायला आलो तर ही दारात उभी.

"अहो, चाचांच्यात कुणी पाव्हणं आलंय का?"

"का?"

"लेकरू भवरा फिरवायलंय आत. मघापासनं."

मी कान दिला. फरशीवर भोवरा पडला की आधी टक् होतं, मग घुं घुं, मग कलंडतो तेव्हा खरखर. तसंच होत होतं. पलीकडच्या आतल्या खोलीत. चाचा तर बाहेर ओट्यावर खुर्चीत, मान टाकून झोपलेले. मी अंगण ओलांडून त्यांच्या दाराशी गेलो. आवाज थांबला. आत वाकून पाहिलं. चटई, ट्रंक, कोपऱ्यात माठ. दुसरं दार नाही, खिडकीला गज.

"उंदीर असतील," मी हिला म्हणालो.

"उंदरं भवरा खेळत्यात व्हय?" ही म्हणाली आणि सुमीला घेऊन आत गेली.

मग आम्ही बघायलाच लागलो. चाचा जेवायला बसत तेव्हा तीन ताटल्या मांडत. कासारीण आली की मापाशिवाय डझनभर हिरव्या बांगड्या घेत, आणि त्या नेमक्या कुणाच्या हाताला होतात हे कासारीणही विचारत नसे. दुपारी कधी पैंजण वाजायचं, दोन पावलं, चार पावलं, की थांबायचं. ही सांगायची, सकाळी त्यांच्या चुलीजवळ मेंदीचा वास येतो. मी म्हणायचो, म्हातारा दाढीला लावत असेल. दाढी पांढरीफेक होती, हे मला दिसत नव्हतं असं नाही.

पण माझी बोबडी वळली ती चांभाराकडं. माझी चप्पल शिवून घ्यायला बसलो होतो. त्याच्या पुढ्यात मिसरूड फुटायला आलेल्या पोराचे बूट होते, टाचांना नवं चामडं ठोकत होता.

"कुणाचे रे?"

"चाचांचे. दर ईदीला नवा जोड घेत्यात. गेल्या साली ह्याच्यापेक्षा बोटभर धाकटा होता. पोरगं वाढणार की हो साहेब." तो बुटाची टाच मला दाखवत म्हणाला, "पर लई घासतंय बघा. डावी टाच जास्त. डाव्या पायावर भार देतंय जणू."

टाच खरंच झिजली होती. नवा जोड, सहा महिन्यांचा, आणि आतल्या बाजूनं तिरका झिजलेला. मी हातात घेऊन पाहिला. आत मातीही होती. घरी येऊन मी हिला काही सांगितलं नाही. भित्रा कुठला, असं ती म्हणाली असती आणि ते खरं ठरलं असतं.

आता माझ्या करणीचं सांगतो. सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मला मोटारसायकल घ्यायची होती. कामाला लागते, असं मी हिला सांगत होतो. खरं म्हणजे मला मिरवायचं होतं, झालं. सोलापुरात एकाची जुनी मिळत होती. पैसे नव्हते, पण खात्याच्या फंडात होते, म्हातारपणासाठी कापून ठेवलेले. त्यातनं मध्येच उचल मिळायची ती ठराविक कारणाला. आजारपण, लग्न, असलं काही. तेव्हा आमच्यात एक रीतच होती, सगळे घरात कुणीतरी आजारी पाडायचे. एकाची आई दर तीन वर्षांनी मरणाच्या दारात जायची आणि त्याच्या घराला एक खोली वाढायची. साहेबालाही ठाऊक असायचं. तोही तेच करायचा.

मी लिहिलं, "मुलीचे आजारपण. विषमज्वर." बायकोचं लिहिणार होतो, पण तिला कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. ओळखीच्या एका डॉक्टरनं दाखला दिला, त्यात लक्षणंही लिहिली. संध्याकाळी चढणारा ताप, जिभेवर पांढरा थर, पोटदुखी, एकवीस दिवस. मी म्हटलं, "एवढं कशाला?" तो म्हणाला, "असू द्या, खरं वाटतं."

मोटारसायकल अंगणात आली. सुमी टाकीवर बसून पों पों करत होती. चाचा ओट्यावरून उतरले, लांबच थांबले.

"कुठनं आला पैसा, ओव्हरसियरसाब?"

"फंडातून."

"कारण काय लिवलं?"

"लिहिलं काहीतरी, चाचा. सगळेच लिहितात."

त्यांनी सुमीकडं बघितलं.  मग मेज उचलून ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं, मोटारसायकल दिसणार नाही असं. मला राग आला. म्हटलं, म्हाताऱ्याला जळतंय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुमीला ताप आला. दोन दिवस काढे झाले. तिसऱ्या दिवशी मी त्याच डॉक्टरला उमरग्याहून आणलं. त्यानं नाडी पाहिली, पोट दाबलं, मग म्हणाला, "बाळ, जीभ दाखव." सुमीनं जीभ काढली आणि डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं.  बाहेर आल्यावर त्याला पाणी दिलं, ते त्यानं तसंच खाली ठेवलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"जे मी लिहिलं होतं तेच," तो म्हणाला.

नववा दिवस उजाडला तेव्हा सुमी ओळख देईना. गोळ्या चालू होत्या, ताप उतरत नव्हता. डॉक्टर म्हणाला, सोलापूरला न्यायचं तर वाटेतला धक्का सोसायचा नाही. ही उशाशी बसून होती, तीन दिवसांत घास खाल्लेला नव्हता. मला म्हणाली, "अहो, तुमी कायतरी केलंय का? खरं सांगा. चाचा परवा माझ्या पाया पडल्यागत बोलले. म्हणले, त्याला माझ्याकडं पाठव." आणि मी तिला सगळं सांगितलं. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "जावा."

भर दुपार होती. चाचा आतल्या खोलीत चटईवर बसले होते, पुढं मेज. मी पहिल्यांदाच तिथं गेलो. मेजावर त्यांचं रिटर्न भरून तयार, पाकीट उघडं, डिंकाची बाटली शेजारी. जूनअखेर जवळ आली होती ना.

मी खाली बसलो आणि रडायला लागलो. मोठा माणूस, खात्याची टोपी घालणारा. "चाचा, खोडा ते. काही करा. माझी पोर जायला लागलीय."

"खोडता येत न्हाय जी. मी बघितलंय खोडून." मग त्यांनी जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं. "आपलं राज्य बुडालं त्या साली माझी नोकरी संपायची होती. लोक म्हणायचे, आता फंड बी बुडणार, वजिफा बी बुडणार. मागं बायकापोरं असली तर थोडा पैसा त्यांच्या नावानं अडकून ऱ्हायचा. वारस न्हाय म्हून लिवलं की सगळा एकदम हातात. म्या लिवलं. बायको न्हाय, मुलगा न्हाय. माझ्या हातानं, ह्याच टाकानं. पैसा मिळाला. ती माहेरी गेली होती पोराला घेऊन. पटकीनं गेली दोघं, एका दिवसात. सहा वर्साचं होतं माझं. कागदानं ऐकलं."

चाचांनी टाक पुसून मेजावर ठेवला.

"मग म्या म्हणलं, खोटं लिवल्यानं गेली तर खोटं लिवल्यानं यावीत. दरसाल लिवतो. बायको, मुलगा, दोघं हयात, माझ्याजवळ राहत्यात. बाकी वरीसभर एक अक्षर खोटं लिवायचं न्हाय, म्हंजे त्या एकाला जोर येतो. दोन लिवली की दोन्ही वाया. पहिल्या सालात नुसता मेंदीचा वास आला. पैंजणाला बारा वर्सं लागली, ओव्हरसियरसाब. आता बूट झिजवायलाय."

हे ऐकताना माझ्या पाठीमागं, दाराशी, पैंजण वाजलं. शपथेवर सांगतो. मी वळलो नाही. कोपऱ्यात माठाजवळ भोवरा फिरत होता त्याचा आवाज येत होता, आणि माठाजवळ काही नव्हतं.

"तुमचा कागद द्या," चाचा म्हणाले.

मी माझं रिटर्न पुढं केलं. पगार नुकताच कराला लागला होता, म्हणून भरावं लागायचं. फंडाच्या उचलीचा त्यात उल्लेख नव्हता. चाचांनी जादा कागद घेतला. पण लिहिण्याआधी ते आतल्या अंगाला बघून बोलले, अगदी हळू, जसं आपण पाहुणे आल्यावर घरातल्यांना सांगतो.

"जरा ठैरो जी. बच्ची बीमार हाय."

भोवरा खरखरला आणि पडला.

मग त्यांनी लिहिलं. फंडातून उचल काढली. मुलीच्या आजारपणासाठी असे अर्जात म्हटले, ते चुकून. ती घरमालकाच्या विषमज्वरासाठी काढली आहे. सर्व रक्कम त्याच्यावर खर्च होईल.

"चाचा, हे काय लिहिता? तुम्हाला कुठं ताप आहे?"

"न्हाय. म्हून तर हे माझं यंदाचं."

मग स्वतःचं रिटर्न पाकिटातून काढलं. जादा कागद उलगडला. दोन नावं होती. त्यांच्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. मी म्हणू शकलो असतो, नको चाचा. माझी जीभ उचलली नाही. पोर माझी होती ना. त्यांनी तो कागद घडी करून, उठून बाहेरच्या खोलीतल्या चुलीत घातला आणि बाकीचा फॉर्म पाकिटात घालून डिंक लावला.

दाराशी पैंजण एकदा वाजलं. मग त्या घरात इतकी शांतता झाली, की रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज आत येऊन बसला.

दोन्ही पाकिटं मी त्याच पावली पोस्टात नेली. परत आलो तर ही दारात बसून रडत होती.  पण ती म्हणाली, "घाम आलाय हो. घाम आलाय तिला. पाणी मागायली."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा ओट्यावर आले नाहीत. चटईवर पडले होते, डोळे लाल. कुणी न सांगता मी त्यांची जीभ पाहिली, तसाच पांढरा थर.

एकवीस दिवस. मोटारसायकल मी त्या ढाबेवाल्यालाच विकली, त्याचा धंदा पुन्हा उभा राहिला होता, आणि सगळी उचल चाचांवर लावली. डॉक्टर रोज यायचा, फी घ्यायची नाही म्हणायचा, मी जबरदस्तीनं द्यायचो, नाहीतर लिहिलेलं पुरं झालं नसतं. चाचा तापात बरळायचे तेही "रसीद घेतली का?" असंच. हिनं त्यांचं सगळं केलं, बापाचं करावं तसं. शेवटचा रुपया मोसंब्यांवर गेला आणि त्या दिवशी चाचा भिंतीला धरून उभे राहिले.

उभं राहून त्यांनी काय केलं असेल? आतल्या खोलीच्या दारात गेले आणि कान देऊन थांबले. मग हिला विचारलं, "बेटी, तुला कुछ ऐकू येतंय?"

आमची ही जन्मात खोटं बोललेली नाही. ती म्हणाली, "व्हय चाचा. येतंय की. भवरा."

चाचा हसले. "नक्को बेटी. तोंडातलं कामाचं न्हाय. कागदावर पायजे."

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ईदेला बूट आणले. मी पाहिले आणि मला तिथं उभं राहवेना. सहा वर्षांच्या पोराचे होते, पार लहान. चांभार म्हणाला, "चाचांचं डोकं फिरलंय साहेब, पोरगं काय धाकटं व्हतंय का?" मी त्याच्यावर इतका खेकसलो की बिचारा हातातली आरी टाकून बघत राहिला. ते बूट वर्षभर दारात होते. टाचा तशाच कोऱ्या.

माझी बदली झाली. दोन वर्षांनी नळदुर्गहून पत्र आलं, चाचा गेले. पत्र लिहिणारा ढाबेवालाच होता. लिहिलं होतं, शेवटच्या दिवशी म्हातारा म्हणत होता, मेंदीचा वास यायलाय. एवढंच. बारा वर्षांत जमवलेलं सोडून वासावर गेला माणूस, माझ्या मोटारसायकलीपायी.

त्या जूनपासून मी लिहितो. माझ्या रिटर्नला जादा कागद जोडतो. आमचे घरमालक, त्यांची पत्नी, त्यांचा मुलगा. तिघे हयात असून माझ्याजवळ राहतात. नावं तुम्हाला सांगत नाही, ती कागदावरच बरी. आणि हे एक लिहायचं म्हणून बाकी वर्षभर मला खोटं लिहिता येईना. कंत्राटदार बिलं घेऊन यायचे, दोन इंच खडी जास्त लिहा म्हणायचे. मी म्हणायचो, माझं यंदाचं झालं, संपलं. खात्यात माझी फार प्रामाणिक म्हणून ख्याती झाली आणि बढती मात्र एकच मिळाली. हिनं कधी तक्रार केली नाही. ईदेचे बूट तीच आणते. आधी मीच विसरायचो, ती विसरली नाही.

यंदा मी निवृत्त झालो. सगळा फंड काढला, उमरग्यात घर बांधलं. सुमी आली होती. बँकेत आहे, आकड्यांत हुशार, आणि माझ्यासारखीच सणकी. म्हणाली, "बाबा, यंदा तुमचं रिटर्न मी भरते." भरता भरता तिच्या हाताला जुन्या फायली लागल्या आणि ती एकेक जादा कागद वाचत बसली. दुपारची वेळ होती.

"बाबा, हे काय आहे? कोण ही तिघं? दरवर्षी? तुम्ही सरकारला चक्क खोटं लिहून देताय?"

मी तिला सगळं सांगितलं. तुम्हाला सांगितलं तेच. तिला तो ताप आठवत नाही, टाकीवर बसून पों पों केलेलं आठवतं. ऐकून घेतलं तिनं, पण चेहरा काही हलला नाही.

"बाबा, तुमचं वय झालं. मी हे पाठवणार नाही," ती म्हणाली आणि यंदाच्या कागदावरच्या त्या तीन ओळींवर काट मारायला तिनं पेन उघडलं.

 तिची आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तोंडानं बोलून काय होतं?

आतल्या खोलीत टक् झालं. मग घुं घुं. बराच वेळ फिरला. कलंडून खरखरला तेव्हा कुणीतरी पैंजणाच्या पायानं दोन पावलं टाकून तो उचलला, आणि ओट्यावर, माझ्या खुर्चीच्या पलीकडं, एका म्हाताऱ्या गळ्यानं खाकरल्याचा आवाज आला. दाराबाहेर ठेवलेल्या बुटांकडं सुमी बघत होती. हिनं तीन महिन्यांपूर्वी आणलेले, मोठ्या माणसाचे. डाव्या बुटाची टाच आतल्या बाजूनं झिजलेली होती.

सुमीनं पेनाला टोपण लावलं. कागद घडी करून पाकिटात घातला, डिंक लावला, अंगठ्यानं दाबून धरला.

मग आईकडं न बघता म्हणाली, "आई, चहा किती कप टाकायचा गं?"